सिंकमधली प्लेट

"अगं आई, थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की लॅपटॉपवरच्या मीटिंगमधले सगळे गप्प झाले.

आई सिंकपाशी, हातात घासणी. २०२० चा मे, आयर्लंडमध्ये क्लोनडॉकिनमधलं आमचं भाड्याचं घर. दोन महिन्यांसाठी आलेली आई विमानं बंद झाल्याने अडकली होती, आणि बाबा पुण्यात एकटे. रिकामं बसणं तिला जमतच नाही. ओव्हनचा करपलेला ट्रे समजून ती घासत होती ती माझ्या ऑस्ट्रेलियन हाउसमेटची पत्र्याची प्लेट होती.

हाउसमेट मोनोटाइप करायची. पत्र्यावर काळी शाई फासायची, चिंधीने पुसत पुसत त्यातून चित्र काढायचं, मग ओलसर कागद ठेवून दाबायचं. छाप एकच निघतो. दुसरा हवा तर पुन्हा पहिल्यापासून. "आमच्याकडे बऱ्याच चित्रकारांना याचं वेड," ती सांगायची. "मोठं मशीन लागत नाही, चमच्याच्या पाठीनेही भागतं. फक्त तिकडच्या उन्हात शाई भराभर वाळते, जीव मुठीत धरून काम करावं लागतं. इथल्या दमट हवेत ग्रँड!" इथला शब्द उचलून तिला सगळंच ग्रँड, म्हणजे झकास, असायचं.

त्या प्लेटवर तिचे वडील होते. आठवड्यापूर्वी गेले. तिला ऑस्ट्रेलियाला जाणं शक्य नव्हतं, अंत्यविधी तिने मोबाइलवर पाहिला. हा छाप ती आपल्या आईला पाठवणार होती. कागदाचं पार्सल आणायला ती पोस्टात गेली, आणि इकडे हे.

चेहरा पार गेला होता. खांदे आणि मांडीवरचे हात तेवढे उरले होते.

"विचारायचं तरी! दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची भारी हौस!"

"चष्मा नव्हता गं. ट्रेच वाटला मला."

"तिचे वडील आहेत ते! गेल्या आठवड्यात वारले."

आईच्या हातातून घासणी सुटली. "आणि हे तू मला आज सांगतेस?"

खरं होतं. बाबांच्या काळजीने आधीच तिला झोप नव्हती, म्हणून मी लपवलं होतं. सांगितलं असतं तर ती हाउसमेटच्या कामाच्या टेबलाकडे फिरकलीही नसती. चूक माझी, आणि वर आवाजही माझाच.

दारात किल्ली फिरली. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि काळे हात तिच्यासमोर धरून मराठीतच म्हणाली, "मी पुसलं. मी."

हाउसमेट प्लेटकडे बघत राहिली. या वेळी ग्रँड म्हणाली नाही. तिने प्लेटवरचं पाणी हलकेच टिपलं, ओलसर कागद वर ठेवला आणि आमच्या वरणाच्या डावाने पाठीमागून किती तरी वेळ घासला. कागद उचलला. वर कोरं, खाली हात.

"हात त्यांचेच आहेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. कागद घेऊन वर खोलीत गेली.

"बाबांना फोन लाव," आई म्हणाली.

"झोपले असतील गं, तिकडे दुपार आहे."

"उठव. त्यांचंही काही लपवलं नाहीयेस ना?"

"नाही गं, शप्पथ!"

"मग चेहरा दाखव."

बाबा वैतागून उठले. "काय झालं?"

"काही नाही. नुसते बसा समोर."

माझ्या मोबाइलवर तिच्या बोटांची शाई लागत होती. मी तो तिच्या हातातच राहू दिला.