दहापैकी किती गुण

भाकरी थापायला मी नळदुर्गला येऊन शिकले. माझं माहेर तिकडं लांब भंडाऱ्याकडं, भाताच्या मुलखात. नवरा इथं ट्रकचे पंक्चर काढतो, म्हणून आले आणि हायवेच्या धाब्यावर चुलीपुढं बसले. धाब्याच्या मालकिणीला सगळे चाची म्हणतात. माझी पहिली भाकरी उचलून त्या म्हणाल्या, "ही कुणाला वाढायची, बैलाला?" पण शिकवलं त्यांनीच.

हात बसला आणि बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. रक्त तपासलं तर आमवात निघाला.

गावातल्या दवाखान्यात सोलापूरहून एक डॉक्टरीणबाई ठरलेल्या वारी येतात. त्यांचा एका नव्या गोळीवर अभ्यास चालू होता. नेहमीचं औषध सगळ्यांनाच चालू राहणार, वर कुणाला नवी गोळी, कुणाला तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी. कुणाला कोणती मिळते हे त्यांनाही कळत नाही.

"डॉक्टरलाच ठाऊक न्हाय आन् ही गिळणार?" दर खेपेला माझ्यासोबत येणाऱ्या चाचींनी विचारलं. बाईंनी न चिडता पुन्हा सगळं समजावलं. नको वाटलं तर कधीही सोडा, उपचार थांबणार नाहीत, असंही म्हणाल्या. सहावीत शाळा सुटलेल्या बाईला इतकं विचारून कोण घेतं? मी सही केली.

पहिल्या खेपेला किती दुखतं ते बाईंनीच साध्या बोलण्यात विचारलं होतं. पुढच्या खेपांना सिस्टर छापील प्रश्न वाचायच्या, "वेदनेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल?" शाळेत आम्ही मार्क म्हणायचो. गुण मला माहीत तो औषधाचा. औषधाला गुण येतो, तो किती आला ते सांगायचं, असं मी धरलं. आधी तीन म्हणाले, मग पाच, मग आठ. बाई एवढ्या लांबून येतात, एकेक बोट दाबून बघतात, म्हणून एखादा गुण वरचाही घालायची.

आठ सांगितले त्या दिवशी बाईंचा चेहरा उतरला. "तुमचं दुखणं वाढतच चाललंय. नियमाप्रमाणं आता तुम्हाला अभ्यासातून काढून दुसरं औषध द्यावं लागेल."

मूठ वळायला लागली होती. ही गोळी बंद झाली आणि बोटं पुन्हा आखडली तर चुलीपुढं कशी बसू? पण शिकलेल्या माणसाला उलट काय बोलायचं, म्हणून नुसती मान डोलावली.

बाई मात्र माझी बोटं दाबत थांबल्या. "सूज तर उतरलीय."

"वाढलं कुठं मॅडम?" चाची मधेच बोलल्या. "कालच हिनं पिठाची परात एकटीनं उचलली."

"मग आठ का सांगितलंत?"

"आठ गुण आला म्हणून," मी म्हणाले.

सिस्टरांनी प्रश्न मनातल्या मनात पुन्हा वाचला आणि तोंडाला पदर लावला. "अहो ताई, हे दुखण्याचे मार्क आहेत. जास्त दुखलं की जास्त."

"दुखण्याला कशाला मार्क द्यायचे? नापास करा की त्याला," चाची म्हणाल्या. तेव्हा बाईही हसल्या. मागचं लिहिलेलं खोडता येत नाही, पण चूक कशी झाली ते शेजारी नोंदवता येतं, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "आता सांगा, आज दुखणं किती?"

दहातून आठ गेले की उरतात दोन, ते तोंडात आलेच होते. पण उजवं मनगट अजून ठणकत होतं. ते मी एकदाही सांगितलं नव्हतं. बाईंना वाईट वाटेल असं वाटायचं.

"दोन म्हण, बरं वाटंल त्यांना," चाची कानात म्हणाल्या. बाईंना ऐकू गेलं.

"मला बरं वाटायला नको. मनगटाला विचारा."

"चार," मी म्हणाले. बाईंनी मनगट हातात घेतलं, नेमकं कुठं ते विचारलं आणि लिहिलं. मी अभ्यासात राहिले. माझी गोळी नवी की साधी, ते अजून कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर उलटताना मनगट ठणकलं. चाचींनी विचारलं, "किती?"

"तीन," म्हणाले. खरंच तीन होतं.