सूचनाबाई समांतर विश्वात

बसस्टँडवर सगळे त्यांना सूचनाबाई म्हणत. कामच ते होतं. काचेच्या खोलीत माइकपुढे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचं. गाडी रद्द झाली तरी आवाज तोच, हरवलेलं मूल सापडलं तरी आवाज तोच. निवृत्तीनंतरही तो सूर काही सुटला नाही. घरी "जेवायला वाढलंय" एवढंसुद्धा त्या अशा थाटात सांगत, की नवखा पाहुणा दचकून आपली बॅग शोधायला लागे.

त्यांचे यजमान त्याच स्टँडवरचे ड्रायव्हर. लांब पल्ल्याच्या गाड्या हाकलेला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या भुकेचा माणूस. शुगरने त्यांचे डोळे गेले. आधी सगळं धूसर झालं, मग नुसत्या सावल्या उरल्या, मग त्याही गेल्या. आता काही होण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ड्रायव्हरनी हातपाय गाळले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले की बसले. काठी घेऊन चालायला शिकवायला एक बाई येत, त्यांनाही त्यांनी वाटेला लावलं. बोलले तर एकच बोलत, "तू दुसऱ्या कुणाशी लग्न केलं असतंस तर सुखात राहिली असतीस. माझ्यापायी अडकलीस."

"काहीतरीच काय!" असं म्हणून सूचनाबाई उठून जात. पण नवरा हे मनापासून म्हणतो, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

अशात नात सुट्टीला येऊन गेली आणि पलंगाखाली एक कादंबरी विसरली. मुखपृष्ठावर एक मुलगी, एक मुलगा आणि मागे आकाशात दोन चंद्र. सूचनाबाईंनी आधी नाक मुरडलं. पण दुपारचं घर खायला उठत होतं, म्हणून नवऱ्याशेजारी बसून त्या मोठ्याने वाचायला लागल्या. सूर अर्थातच तोच. "ती. त्याच्याकडे. बघतच. राहिली."

"अगं, पोरगी प्रेमात पडलीय," ड्रायव्हर म्हणाले. "फलाटावर लागत नाहीये."

कित्येक दिवसांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. सूचनाबाईंनी लगेच पुढचं प्रकरण काढलं.

गोष्टच तशी होती. कॉलेजात जाणारी एक मुलगी रस्त्याखालच्या भुयारातून पलीकडे निघते आणि दुसऱ्याच जगात पोचते. गल्ली तीच, घर तेच, पण जग वेगळं. एका जगात तिची वारलेली आई दारात उभी असते. एका जगात समुद्र पार घराच्या पायरीशी आलेला असतो. एका जगात घड्याळ म्हणजे काय तेच कुणाला ठाऊक नसतं. आणि प्रत्येक जगात तो मुलगा मात्र असतोच, कुठे पाव भाजणारा, कुठे जहाजावरचा. तो तिला ओळखत नाही, आणि ती दर वेळी नाव विचारण्यापासून सुरुवात करते. सूचनाबाईंना तोंडात बोट घालावंसं वाटे, पण वाचायचं असल्यामुळे घालता येत नसे.

एका दुपारी त्या थबकल्या. पुस्तकातल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने मुलीला सांगितलं होतं, की आपण एक काहीतरी निवडलं की जग दुभंगतं, आणि जे निवडलं नाही तेही दुसरीकडे चालूच राहतं.

"अहो, म्हणजे आपल्या हातून जे झालं नाही, तेसुद्धा कुठेतरी झालंय?"

ड्रायव्हर ताठ बसले. "त्या दिवशी तू बरोबर फलाट सांगितला असतास तर?"

हा त्यांच्या घरातला जुना किस्सा. सूचनाबाई तेव्हा नव्या होत्या. वरच्या ओळीतली गाडी आणि खालच्या ओळीतला फलाट, असं त्यांनी एका दमात वाचलं, आणि उत्तरेला निघालेली माणसं दक्षिणेच्या गाडीत जाऊन बसली. त्या गाडीचा ड्रायव्हर तावातावाने काचेच्या खोलीपर्यंत भांडायला आला. दार उघडलं, आणि कशासाठी आलो तेच विसरला.

"बरोबर सांगितला असता तर मी गाडी घेऊन निघून गेलो असतो," ड्रायव्हर हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उजळला. "अगं, जन्मभर मी किती फाट्यांवर वळलो! प्रत्येक फाट्याला जग दुभंगलं असेल, तर माझ्या किती गाड्या अजून रस्त्यावर असतील!"

खोली तेवढीच होती, कोपऱ्यात कपड्यांचा ढीगही होता, पण सूचनाबाईंना एकदम फार मोठ्या जागी आल्यासारखं वाटलं. अंगावर काटा आला. इतकी वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या, पण जग इतकं अफाट असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

"त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला दिसत असेल," ड्रायव्हर म्हणाले.

त्या दिवसापासून ते दुपारची वाट बघू लागले. दाढी करून, शर्ट बदलून बसू लागले. पण त्यांच्या मनात भलतंच शिजत होतं. कादंबरीत त्या मुलीच्या स्वतःच्या जगातल्या मुलाला अपघात झाला. तो पुन्हा चालणार नव्हता. पलीकडच्या जगात मात्र तोच मुलगा धडधाकट होता, आणि भुयार आता एकदाच उघडणार होतं.

"ती काय करते ते ऐकू," ड्रायव्हर म्हणाले. "गेली, तर तूही लेकीकडे राहायला जा. मला आश्रमात ठेव. मी थट्टा करत नाहीये."

शेवटचं प्रकरण सूचनाबाईंनी जीव मुठीत धरून उघडलं. वाचताना त्यांची नजर नेहमी आवाजाच्या चार ओळी पुढे असे. त्या चार ओळींत मुलगी भुयारात शिरली. मागे वळूनही न बघता.

सूचनाबाईंनी एक श्वास घेतला. "मुलगी भुयाराच्या तोंडाशी थांबली," त्या म्हणाल्या. "तिकडचा मुलगा धावत होता. छान दिसत होता. पण ती घोरते हे त्याला माहीत नव्हतं. भांडण झालं की आधी कोण बोलतं, हे माहीत नव्हतं. मुलगी स्वतःशी म्हणाली, सगळी जगं बघून झाली माझी. सगळी सुंदर आहेत. पण माझ्यावर रागवायला आलेला आणि रागच विसरलेला माणूस एकाच जगात आहे. मग ती घरी परतली. त्याच्या खुर्चीशेजारी बसली. आणि..." त्यांचा आवाज कापायला लागला.

"अगं."

"हं?"

"बराच वेळ झाला, पान उलटल्याचा आवाज आला नाही."

सूचनाबाईंनी पुस्तक मांडीवर टेकवलं.

"पुस्तकात काय केलं तिने?"

खोटं बोलणं त्यांना जमेना. "गेली," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनी चेहऱ्यावरून हात फिरवला, मग तोच हात पुढे करून चाचपडत त्यांनी बायकोचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"तिचं जाऊ दे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ती शेजारी बसली, तिथून पुढे वाच."

सूचनाबाईंनी पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि पुढे वाचायला लागल्या.