आपण म्हणजे कोण?

इरा, निहार,

तुमची मेल मिळाली. ललिताबाईंच्या भारतीची नर्सिंगची फी तुम्ही दोघं भरणार आणि तिला नाव कळता कामा नये, असं लिहिलंत. "आजी, तू फक्त सांग की कोणीतरी भरली." ललिताबाई अकरा वर्षं माझ्याकडे पोळ्या करतात, त्यांची मुलगी शिकावी असं मलाही वाटतं. मी लगेच हो म्हणायला हवं होतं. चार दिवस झाले, म्हणू शकले नाही. का, ते तुमच्या बाबालाही कधी सांगितलेलं नाही. आता लिहिते. मराठी जड जाईल. सावकाश वाचा, अडलं तर बाबाकडून वाचून घ्या.

धार, मध्य प्रदेशातलं माझं माहेर. चैत्रातलं हळदीकुंकू. गल्लीतलं सगळ्यांत मोठं घर बाईसाहेबांचं. त्यांचे सासरे संस्थानच्या काळात मोठे अधिकारी होते. संस्थान गेलं, पण गल्लीत त्यांना बाईसाहेबच म्हणत. मी सोळा वर्षांची. हातात पन्ह्याच्या पेल्यांचं ताट. एका पाहुणीचा पदर अडकला आणि एक पेला तिच्या नव्या साडीवर आडवा झाला.

बाईसाहेब ओरडल्या नाहीत. हसून म्हणाल्या,

"बघा हं! अकरावीपर्यंत शिकवलं आपण पोरीला, पण साधं पन्हं वाढता येईना!"

सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाली, "इंग्लिश शिकून राहिली ना ती. पन्ह्याला काय म्हणतात ते सांगेल, वाढणार नाही!" पुन्हा हसू. मागच्या दाराशी माझी आई घागर घेऊन उभी होती. तीही हसली.

मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. पुसताना एकच शब्द डोक्यात. आपण. तुमच्या इंग्रजी 'वी'मध्ये हा फरक नाही. 'आम्ही शिकवलं' म्हणाल्या असत्या तर त्यांच्या एकट्या घराचे उपकार झाले असते. 'आपण' म्हणाल्या. त्या 'आपण'मध्ये खोलीतल्या सगळ्या बायका आल्या. फक्त मी आले नाही.

आता त्याचं मूळ. माझे वडील देवळात पूजा करत. मी आठवीत असताना गेले. माझी शाळा सुटणार हे ठरलं होतं. जूनमध्ये मराठी समाजाचे सेक्रेटरी घरी आले. पिशवीत पुस्तकं, वह्या, गणवेशाचं कापड. शाळेची फी भरल्याची पावती.

"कोणी दिलं?" आईनं विचारलं.

"गुप्त आहे. दात्याला मोठेपणा नको."

आई रडली. आणि त्याच संध्याकाळी तिनं मला नियम सांगितला. "गल्लीत आपली आणखी पंधरा मराठी घरं आहेत. त्यातलंच कोणीतरी असणार. एकाही घराला नाही म्हणायचं नाही. कोण जाणे!"

कोण जाणे. माझं वयात येणं या दोन शब्दांखाली झालं. संक्रांतीला पंधरा घरी तिळगूळ, पंधरा घरी वाकून नमस्कार. एक घर चुकलं तर आई परत पाठवायची. कोणाचे पापड लाटले, कोणाच्या सासूचे पाय चेपले, कोणाची पोरं सांभाळली. हाक यायची, "अगं, जरा येऊन जा गं." मी जायची. दर जूनला पिशवी यायची. 'मी दिलं' असं कोणी कधी म्हणालं नाही. 'मी दिलं नाही' असंही कोणी म्हणालं नाही. न दिलेल्या चौदा घरांना ते गुप्तदान फार सोयीचं होतं.

खरा देणारा कदाचित फार सज्जन असेल. मी पाठ वळवली की खिडकीतून बघून सुखावतही असेल. पण तो गप्प राहिला, आणि त्याच्या चांगुलपणाचं भाडं सगळी गल्ली माझ्याकडून वसूल करत राहिली.

बी.ए.चं शेवटचं वर्ष. पुन्हा चैत्र. तीन वाजता इंग्रजीचा पेपर, आणि अकराला बाईसाहेबांचा निरोप, हळदीकुंकवाच्या कामाला ये. आई म्हणाली, "जाऊन ये. दोन तासांत सोडतील."

मी गेले. "बाईसाहेब, आज पेपर आहे."

"तीनला ना? अजून बारासुद्धा वाजले नाहीत. एवढ्या कैऱ्या किसून जा."

कैऱ्या किसल्या. मग डाळ वाटायला पाट्यावर बसवलं. एक वाजला. दोन वाजले. पावणेतीन होत आले. भिंतीवरचं घड्याळ मला पाट्यावरून दिसत होतं. कॉलेज पायी पाऊण तासावर. मी उठले.

"कुठे निघालीस? आरास राहिली आहे. गौरीपुढे तू ती उतरंड छान करतेस."

"पेपर चुकेल."

"अगं, एवढी घाई? पेपर देण्याइतकी झालीस ती कोणामुळे? आपण सगळ्यांनीच ना..."

तो शब्द आला. माझे हात डाळीने माखलेले. मी विचारलं,

"तुम्ही दिलं का?"

"काय?"

"माझी पुस्तकं. फी. सात वर्षं. तुम्ही दिलं असेल तर हो म्हणा. मी बसते."

स्वयंपाकघरात बाईसाहेबांखेरीज आणखी दोन बायका होत्या. वरवंटे थांबले. बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला.

"असं विचारतात का कोणी? गुप्त ते गुप्त."

"मग नाही म्हणा."

त्यांना हो म्हणता येईना. नाहीही म्हणवेना. नाही म्हटलं की उद्यापासून मला हाक मारता आली नसती. मी उरलेल्या दोघींकडे बघून विचारलं, "तुमच्यापैकी कोणी?" त्यांचे वरवंटे पुन्हा चालू झाले.

मी निघाले. उन्हात पळत गेले. वीस मिनिटं उशीर झाला. दारावरचा चपरासी म्हणाला, "अरे बेन, कहाँ रह गई थी? चल, जल्दी बैठ." उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाला कैरीचा वास येत होता.

घरी आईनं विचारलं, "आणि त्याच निघाल्या असत्या तर?"

"तर बसले असते, डाळ वाटली असती."

तेव्हा मी असं म्हणाले. आज म्हणणार नाही. दिलं असतं तरी पेपर माझाच होता. हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली.

आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. गल्लीत माझं नाव 'माजलेली' पडलं. जूनमध्ये सेक्रेटरी आले, एम.ए.ची पुस्तकं घेऊन. म्हणजे देणारा रागावलेला नव्हता. ते मला जास्त लागलं.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"अगं, गुप्त..."

"मग परत न्या."

आईनं माझा दंड धरला. मी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. शिकवण्या केल्या, एम.ए. बाहेरून दिलं, धारजवळच्या तिरल्याच्या शाळेत नोकरी धरली. पुढे तुमच्या आजोबांच्या कारखान्यामुळे देवासला आले.

म्हणून सांगते. भारतीला मी 'कोणीतरी' म्हणणार नाही. या कॉलनीत ललिताबाई सहा घरी कामाला जातात. सहाही घरं त्या 'कोणीतरी'मध्ये आपापली जागा शोधतील, आणि पोर सगळ्यांसमोर वाकत राहील. उद्या मी तिला समोर बसवून तुमची दोघांची नावं सांगणार आहे. तुमचा नंबर देणार आहे. हेही सांगणार आहे की बदल्यात काही करायचं नाही, माझ्याकडेही नाही, आणि नको असेल तर नको म्हणायचं. ती नको म्हणाली तर ते तुम्ही ऐकून घ्यायचं. रुसायचं नाही. हे पटत नसेल तर पैसे पाठवू नका.

बाईसाहेब गेल्या. आई गेली, शेवटपर्यंत न पटता. सेक्रेटरी नाव न सांगताच गेले. गल्लीत आता तीन मराठी घरं उरली आहेत आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही. देणारा कोण, ते मला आजही माहीत नाही. मला नाही म्हणता येतं, ते मात्र अजून शाबूत आहे.

आजी