चुकीला पाहुणा म्हणणाऱ्या अक्का

एखाद्याचा प्रोग्राम कोसळला की बाकीच्या शिक्षकांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. आमच्या अक्कांचा चेहरा मात्र उजळायचा. पडद्यावर भलतेच आकडे धावायला लागले, की त्या खुर्ची सोडून जवळजवळ पळत यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि इंग्रजी, कन्नड जी भाषा तोंडाशी येईल तीत म्हणायच्या, "पाहुणा आलाय. हाकलू नका. आधी बसायला द्या, मग विचारा कुठून आला." प्रोग्राममधल्या चुकीला सगळे बग म्हणतात, पण अक्का तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पाहुणा फारच मोठा असला, म्हणजे अख्खी लॅब बंद पाडणारा, तर अक्का आनंदाने टाळ्या वाजवत आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही बघायला बोलावत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून बंगलोरला इंजिनिअरिंग शिकायला आले. कॉलेज मल्लेश्वरमजवळचं, खाजगी. कॉम्प्युटर शाखा नुकतीच सुरू झालेली. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं आणि हिरव्या अक्षरांच्या पडद्यांसमोर हात जोडल्यासारखं बसायचं. आम्हा सगळ्यांना शिकायची होती सी भाषा, कारण कंपन्या तेवढंच विचारतात असं ऐकलं होतं. अक्का शिकवायच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, की महिनाभर कुणी एक ओळही लिहायची नाही, आधी कुणासाठी लिहायचं ते शोधायचं. मी वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "काय कटकट आहे." फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या अक्का वळल्यासुद्धा नाहीत. तिकडूनच उत्तर आलं, "कटकट नव्हे गे. हिला रिक्वायरमेंट म्हणतात."

वर्गात इतर कुणालाच मराठी येत नसल्यामुळे काही कळलं नाही. माझे कान मात्र तापले. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, इथेच राहिलेलं. "आमचे लोक येऊन तीनशे वर्षं आयतु," त्या म्हणाल्या. आयतु म्हणजे झालं. त्यांच्या मराठीत अशी कन्नड पाहुणेमंडळी जागोजागी उतरलेली असत. मला त्या "स्वल्प थांब" म्हणायच्या, "सरी, जा", म्हणजे ठीक आहे, जा, म्हणायच्या, आणि मध्येच एखादा असा जुना मराठी शब्द काढायच्या की तो मी नागपुरात कधी ऐकलेला नसायचा. केसांत रोज कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, असं एकीने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की जिने फार आहेत आणि उत्साह आवरत नाही.

आमच्या प्राचार्यांना अक्कांचा विषय पटत नव्हता. ते स्वतः सिव्हिल इंजिनिअर, सज्जन आणि स्पष्टवक्ते. पूल दिसतो, धरण दिसतं, तुमचं सॉफ्टवेअर दिसत नाही, मग न दिसणारी गोष्ट बांधायची कशी हे मुलांना काय शिकवणार, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या वर्षीपासून हा विषय ऐच्छिक करायचा आणि लॅबचे तास दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामिंग भाषेला द्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. तसं झालं तर विषय कुणी घेणार नाही हे अक्कांना माहीत होतं. त्यांनी प्राचार्यांना एक प्रस्ताव दिला. अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक आमचा वर्ग करून देईल. ते चाललं तर विषय राहील, नाही चाललं तर त्या स्वतःहून सोडतील.

तोवर वेळापत्रक भौतिकशास्त्राचे श्रीनिवास सर करायचे. रंगीत कागदाचे तुकडे भिंतीवर चिकटवून त्यांची अख्खी सुट्टी त्यात जायची. अक्कांनी आम्हाला कॉलेजभर पिटाळलं, कुणाला काय हवंय ते विचारून या म्हणून. गणिताच्या सरांना राहुकाळात नवा धडा सुरू करायचा नव्हता, आणि राहुकाळ तर रोज वेगळ्या वेळी. रसायनशास्त्राच्या सरांना जेवणानंतर वर्ग नको होता. कारण विचारलं तर ते जांभई देत म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. शनिवार सगळ्यांनाच मोकळा हवा होता. हे सगळं ऐकून अक्का इतक्या खूश झाल्या की बसल्या जागी त्यांचे बूट नाचायला लागले. "माणूस मागतो एक, हवं असतं दुसरं," त्या म्हणाल्या. "दोन्ही ऐकून घे. प्रोग्राम दोघांमधून वाट काढतो."

मग आला प्रोग्राम रन करून, म्हणजे पळवून बघण्याचा दिवस. अक्कांनी तो शब्दशः पळवला. कॉलेजमागच्या बॅडमिंटन कोर्टावर खडूने चौकोन आखले. चौकोन म्हणजे खोल्या. आम्ही प्रत्येकजण एकेक शिक्षक झालो. मी झाले राहुकाळवाले गणिताचे सर. अक्का शिट्टी वाजवायच्या, म्हणजे तास संपला, की आम्ही लिहिलेल्या नियमांप्रमाणे पुढच्या चौकोनात धावायचं. पहिल्याच शिट्टीला तिघे एका चौकोनात आपटले. दुसऱ्या शिट्टीला रसायनशास्त्र कुठेच जाईना, कारण त्याला जायला खोलीच उरली नव्हती. तो बिचारा कोर्टाच्या मधोमध गोल गोल फिरत राहिला. अक्का हसून हसून जाळीला धरून उभ्या होत्या. प्रत्येक टकरीनंतर त्या आम्हाला खाली बसवून विचारत, नेमका कुठला नियम चुकला. संध्याकाळपर्यंत आमच्या गुडघ्यांना खडू लागलेला होता आणि एकही टक्कर होत नव्हती. त्या टकरी शोधणारा एक छोटा तपासनीस प्रोग्रामही आम्ही नंतर लिहिला. अक्कांचा कडक नियम होता, की एका अक्षराचा बदल केला तरी तपासनीस पुन्हा चालवायचा.

वेळापत्रक तयार झालं, तपासून झालं. शनिवारी दुपारी आम्ही डोसा खायला पळालो. तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला की तिसऱ्या मजल्यावरचा ड्रॉइंग हॉल रंगवून तयार आहे, तोही यात घाला. अक्कांनी बदल स्वतःच केला. इतक्यात वीज गेली, कॉम्प्युटरची राखीव बॅटरी कुंई कुंई करायला लागली. त्यांनी घाईने प्रत्येक वर्गाचा कागद छापून शिपायाच्या हाती दिला. तपासनीस चालवायचा राहिला.

सोमवारी सकाळी मी फलकावर आमचा कागद पाहिला. पहिला तास ड्रॉइंग हॉल. मी जिन्याकडे निघाले, तर जिन्यावर हलायला जागा नव्हती. प्रत्येक वर्गाच्या कागदावर ड्रॉइंग हॉलच होता. पहिला तासच नव्हे, आठवड्याचा प्रत्येक तास. प्रत्येकाने आपापलाच कागद वाचल्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. अख्खं कॉलेज हसत, ढकलत, शिट्ट्या मारत तिसऱ्या मजल्यावर चढत होतं. आत पोहोचले तेव्हा फळ्याच्या एका टोकाला गणिताचे सर शिकवायला लागले होते आणि दुसऱ्या टोकाला यंत्रशास्त्राचे सर. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण दोघांचीही अक्षरं मध्याकडे सरकत चालली होती. टेबलांवर मुलं, खिडक्यांत मुलं. रसायनशास्त्राचे सर कोपऱ्यातल्या स्टुलावर डोळे मिटून बसले होते.

अक्का दारात आल्या आणि त्यांच्यामागे प्राचार्य. हळूहळू गोंगाट थांबला. अक्कांनी त्या गर्दीवरून नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या वाट काढत पुढे गेल्या, दोन्ही सरांची परवानगी घेऊन फळ्याचा मधला भाग पुसला आणि उंच स्टुलावर चढून बोलायला लागल्या. चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थ्यांची नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग फळ्यावर बरोबरची दोन चिन्हं शेजारी शेजारी काढली. दोन चिन्हं लिहिली तर यंत्राला प्रश्न कळतो, ही खोली ड्रॉइंग हॉल आहे का. त्यांनी एक चिन्ह पुसलं. एकच लिहिलं तर यंत्राला हुकूम कळतो, हिला ड्रॉइंग हॉल कर. शनिवारी मी एक चिन्ह लिहायचं विसरले, म्हणून यंत्राने कॉलेजातली प्रत्येक खोली ड्रॉइंग हॉल केली, आणि बघा, ते किती आज्ञाधारक आहे. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग अख्खा हॉल हसला. यंत्रशास्त्राच्या सरांनी तर खडू खाली टाकून टाळ्या वाजवल्या.

पुढे त्यांनी सांगितलं, की ही चूक पकडणारा तपासनीस माझ्या मुलांनी लिहून ठेवलाय, मीच तो चालवला नाही. आम्ही लॅबकडे धावलो. चिन्ह दुरुस्त करण्याआधी अक्कांनी मुद्दाम तपासनीस चालवून दाखवला, आणि छपाईयंत्र टकरींमागून टकरी ओकत राहिलं. कागदाची घडी जमिनीवर उलगडत दारापर्यंत गेली. प्राचार्य ती ओलांडून आत आले. त्यांनी वाकून तिच्यावरच्या काही ओळी वाचल्या. मग ते अक्कांना एवढंच म्हणाले, "आज पहिल्यांदा तुमचं सॉफ्टवेअर मला दिसलं."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरोबर वेळापत्रक फलकावर लागलं आणि विषय टिकला. श्रीनिवास सरांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बायकोला म्हैसूर दाखवलं.

त्याच दुपारी अक्का मला कॉफीला घेऊन गेल्या. बंगलोरच्या रीतीप्रमाणे बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघींत. मी विचारलं, एवढ्या गोंधळात तुम्ही हसत कशा होतात. "भिऊन हसले गे," त्या म्हणाल्या. "विषय हातचा गेला असंच वाटलं. पण तुम्ही सगळी बघत होता. मी तिथे लपवलं असतं, तर तुम्ही जन्मभर लपवत बसला असता." एवढं बोलून त्यांनी माझ्या वाट्याची अर्धी कॉफीही पिऊन टाकली आणि दुसरी मागवली.

पुढे आम्ही सगळे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत पांगलो. एका कंपनीने अक्कांनाही बोलावलं, प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून. त्या मोठ्या उत्साहाने गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. तिथे सगळं छान आहे, फक्त कुणी चुकतच नाही, निदान तसं कबूल करत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी मात्र तिथे रमले. दशकाच्या अखेरीस आम्ही जुने प्रोग्राम दोन हजार सालासाठी दुरुस्त करत बसलो होतो, तेव्हा एका रविवारी त्या माझ्या खोलीवर आल्या. कॉलेजला शिकवणारं माणूस हवंय, एवढंच बोलल्या आणि आणलेला बारीक चिरोटी रवा माझ्या स्वयंपाकघरात ठेवून त्याचा शिरा करायला लागल्या. शिरा होईपर्यंत माझं ठरलं होतं. नागपूरला फोन करून सांगितलं तेव्हा आईने विचारलं, कुणी काढून टाकलं का. मी इतकी हसले की तिला ते खरंच वाटलं.

माझ्या पहिल्या तासाला अक्का वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मला घाम फुटला. महिनाभर तयारी केलेलं मी घडाघडा बोलत सुटले आणि समोरची मुलं घडाघडा उतरवत सुटली. कुणी मान वर करेना. काही वेळाने मागून हात वर झाला. अक्कांनी विचारलं, "मॅडम, कंपायलर म्हणजे काय?" तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न. मुलं फिस्कन हसली. मी गोंधळले, पण उत्तर दिलं. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी, असं काहीतरी. अक्कांनी मान डोलावली आणि लगेच पुन्हा हात वर केला. दुसरा प्रश्न पहिल्याहून बाळबोध होता. आता कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी हात वर झाला तो अक्कांचा नव्हता. खिडकीजवळ बसलेली कोलारची एक मुलगी, जिचा आवाज कॉलेजात कुणी ऐकला नव्हता असं मला नंतर कळलं, तिने अडखळत काहीतरी विचारलं. प्रश्न चांगला होता. फार चांगला. मी फळ्याकडे वळून आकृती काढत उत्तर दिलं, आणि खूश होऊन अक्कांकडे बघितलं.

शेवटचा बाक रिकामा होता.

मी खिडकीशी गेले. खाली अक्का फाटकाकडे चालल्या होत्या, खांद्याला शबनम, काखेत फुलदाणी. ती फुलदाणी इतकी वर्षं त्यांच्या टेबलावरून कधी हलली नव्हती, आणि ती बघून मला सगळं समजलं. त्या आज निवृत्त होत होत्या. कुणालाही निरोपाचं भाषण करू न देता, आपला तास माझ्या हाती देऊन. त्यांनी वर पाहिलं नाही. फाटकाबाहेर एक रिक्षा थांबली, त्यांनी रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं, तो हसला, आणि रिक्षा वळून दिसेनाशी झाली.

मागे वर्गात कुजबुज सुरू झाली होती. कोलारची मुलगी उभीच होती. तिने विचारलं, मॅडम, अजून एक विचारू का. मी डोळे पुसले, खडू उचलला आणि तिला म्हटलं, "विचार."