बंगालचं वादळ आणि बेगारीची हूल

"बीड में समंदर कहाँ है?" माझ्या हातातला कागद न वाचताच तहसीलदारसाहेबांनी विचारलं.

मी निजाम सरकारचा रेडिओ ऑपरेटर. कचेरीतल्या सेटवर शॉर्टवेव्ह लावायची, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं पकडायची, आणि बातम्या उर्दूत उतरवून साहेबांपुढे ठेवायच्या. त्या सकाळी लंडनने सांगितलं होतं की बंगालच्या उपसागरातलं मोठं वादळ किनारा ओलांडून दख्खनकडे सरकतंय. जमिनीवर आलं की वादळाचा वारा मरतो, पाऊस मरत नाही. इकडे आभाळ काळंठिक्कर, आणि बिंदुसरा नदीच्या जवळजवळ कोरड्या पात्रात आठवडी बाजार भरलेला.

"हुजूर, निदान दवंडी तरी..."

"हैदराबाद से मुरासला आया?" मुरासला म्हणजे सरकारी पत्र.

"नाही."

"तो फिर तूफान भी नहीं आया."

तर्क बिनतोड होता. दवंडीवाला हुकमाशिवाय हलगीला हात लावेना. मग मीच नदीत उतरलो.

लिंबागणेशचे दगडूबा गाडीच्या सावलीला टेकले होते. सून, दोन नातवंडं, बैल, सगळा संसार सोबत. मी त्यांना लंडनची बातमी सांगितली.

"बीडात पाऊस पडनार हाय, ते लंडनला कसं ठावं?" दगडूबा म्हणाले. "आमच्या बैलाला तर अजून न्हाई!"

आजूबाजूचे खो खो हसले. तेवढ्यात पात्रातली मधली बारीक धार गढूळ होऊ लागली. वर डोंगरात पाऊस सुरू झाला होता. मी बोट दाखवलं, तर म्हणे कुणी म्हशी धूत असंल. नातवंडं वाळूत खेळत होती.

मी ओरडलो, "साहेबांचा दौरा निघालाय! शिपाई बेगारीला गाड्या धरायला येतायत!"

बेगार म्हणजे साहेबलोकांचं सामान आपल्या गाडीतून फुकट वाहायचं, हसतमुखाने. दगडूबांनी बैल कधी जुंपले ते मला दिसलंसुद्धा नाही. घटकाभरात पात्र रिकामं झालं.

दुपारी बिंदुसरा दोन्ही थड्यांना लागून गेली. बाजाराच्या जागेवरून मुळासकट बाभळी वाहत होत्या. काठावर दगडूबांच्या सुनेने पोरं पोटाशी धरली होती. मी रडलो, सगळ्यांदेखत रडलो.

आठवड्याने हैदराबादहून मुरासला आला : वादळाचा संभव आहे, सावध राहावे. साहेबांनी कळवलं, आमच्या दूरदृष्टीने जीवितहानी टळली. माझ्याकडून मात्र लेखी कैफियत मागवली : बेगारीची अफवा पसरवून सरकारची बदनामी का केली?

मी लिहिलं, "खरी बातमी कुणी मानेना, म्हणून लोकांना पटेल अशी सांगितली."

उत्तर उद्धट ठरलं आणि माझी बदली झाली. माणसं हलवायची तर लंडनची खबर पुरत नाही, भीती आपल्याच कचेरीची लागते, एवढं मात्र शिकलो.