फोटो काढून ठेव

माझा कॅमेरा शिकाऊ लोकांचा आहे, हे मला मुलाने तो हातात देतानाच सांगितलं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यानेच तो आणला आणि म्हणाला, "सुरुवातीला हा पुरे." मी मनात म्हटलं, या वयात सुरुवात आणि शेवट काय वेगवेगळे असणार आहेत? पण सुरुवात झाली ती झालीच. उजाडता उजाडता लक्ष्मी ताल या आमच्या तलावाच्या काठी जायचं, बगळे, पाणकावळे, खंड्या, जे दिसेल त्याचे फोटो काढायचे आणि घरी येऊन चष्मा पुसून पुसून ते पाहायचे, असा नेमच होऊन गेला. काठावरच्या महालक्ष्मीच्या देवळात येणाऱ्या बायका मला भाविक समजत. रोज येते आणि देवीकडे पाठ करून उभी राहते, हे त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मग हळूहळू कॅमेऱ्याच्या खोडी दिसू लागल्या. अंधुक उजेडात काढलेल्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येत. खंड्या सूर मारी आणि माझ्या फोटोत नुसतं पाणी येई. फोकस लागेपर्यंत तो मासा गिळून जागेवर परत बसलेला असे. मी तक्रार केली की हे म्हणत, "नाचता येईना अंगण वाकडं." ह्यांचा जन्म रेल्वेत गेला. चालत असलेली वस्तू बदलायची नाही, हा ह्यांचा धर्म. मी ह्यांच्याशी वाद घातला नाही. एक दिवस सरळ सीपरी बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

तिथे जो नवा कॅमेरा हातात आला त्याने माझी झोप उडवली. तो म्हणे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो आणि मग सोडत नाही. बटण दाबलं तर आवाजसुद्धा नाही. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा होता, पण घाई करणारा नव्हता. म्हणाला, "मैडम जी, पुराना दे जाइए, बदले में ठीक भाव लगा देंगे. पर पहले वो फोटो लाकर दिखाइए जिनमें पुराना वाला कम पड़ गया. फिर तय करेंगे." मला ते पटलं. माझ्याकडे अशा फोटोंचा काय तुटवडा? कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनीच भरलेलं होतं.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. ती बरुआसागरची. माहेरी सगळे बुंदेली बोलणारे. शिकलेली आहे, कॉम्प्युटरवर तिचे हात माझ्यापेक्षा कितीतरी भराभर चालतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तिने आपणहून मराठी धरली होती. मी तसं काही सुचवलं नव्हतं. सुचवणार कोणत्या तोंडाने? इथे हिंदी मुलखात राहून आमच्याच घरातली मराठी निम्मी हिंदी झालेली. माझा मुलगा वाक्य मराठीत सुरू करतो आणि 'समझी ना?' वर संपवतो. पण ही मुलगी स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून एकेक शब्द उचलत होती. दूध गॅसवरून काढ, बटाट्याची सालं काढ, केर काढ. मी बोलायची, ती करायची आणि करता करता तो शब्द स्वतःशी म्हणायची. मला फार बरं वाटायचं. आमच्यानंतर या घरात मराठी कोण बोलणार, हा प्रश्न मी कधी मोठ्याने विचारला नव्हता, कारण उत्तर माहीत होतं. हिच्यामुळे ते उत्तर बदलेल अशी आशा वाटू लागली होती.

दुकानातून आले त्या दिवशी मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "यातले फोटो जरा काढून ठेव गं. कार्ड रिकामं करून दे."

"सगळे?" तिने विचारलं.

"हो, सगळे."

तिने मन लावून काम केलं. कार्ड स्वच्छ करून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी खुशीत तालावर गेले आणि पुढचे काही दिवस त्याच कार्डावर नवे फोटो काढले. मग दुकानात न्यायचे म्हणून कॉम्प्युटर उघडला, तर जुन्यांपैकी एकही फोटो नाही. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाला काढ. मी काढले."

तिचं काय चुकलं? साल काढायची म्हणजे टाकायची. केर काढायचा म्हणजे बाहेर टाकायचा. मग फोटो काढायचे म्हणजे दुसरं काय करायचं? फोटो घ्यायचा तोही काढायचा, कार्डातून कॉम्प्युटरवर घ्यायचा तोही काढायचा आणि नको असला तर तोही काढायचाच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या भाषेने एका शब्दाला किती कामांना जुंपलंय, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. जन्मभर शाळेत मराठी नाही, भूगोल शिकवला, त्याचा हा परिणाम असावा.

फोटो गेले याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दुकानदाराने खटपट करून पाहिली, पण म्हणाला, "ऊपर से नया भर गया है, अब नहीं निकलेगा." तेही मी पचवलं असतं. पण रात्री जेवताना माझ्या चिरंजीवांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "हिला अजून थोडी मराठी शिकव, म्हणजे एक दिवस माझं ऑफिसचं कामही काढून टाकेल." सगळे हसलो. तीही हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिची मराठी बंद झाली.

भांडण नाही, रुसवा नाही. सकाळी "मम्मी जी, चाय रख दें?" आणि संध्याकाळी "मम्मी जी, सब्ज़ी क्या बनेगी?" मी मराठीत बोलले की तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. एकदा मी म्हटलं, अगं, चुकतच शिकतात. ती गोड हसली आणि म्हणाली, "हमसे नहीं होगा, मम्मी जी. कुछ और बिगड़ जाएगा." आदर इतका की मला पाहुण्यासारखं वाटलं. मला फोटो गेल्यापेक्षा हे जास्त लागलं.

इकडे मुलाला आपल्या जिभेचं वाईट वाटलं असावं, तो नव्या कॅमेऱ्याच्या मागे लागला. "आता जुने फोटोच नाहीत, दाखवायचं काय राहिलं? घेऊन टाक." दुकानदाराचाही फोन येऊन गेला. हेसुद्धा म्हणाले, "घे बाई एकदाचा, तुझी कुरकुर तरी थांबेल." मलाही हवा होता. हातात धरलेला तो कॅमेरा मी विसरले नव्हते. पण माझा पाय अडत होता तो वेगळ्याच जागी. आत्ता नवा आणला, तर तो या घरात कायम 'फोटो पुसले म्हणून आणलेला' कॅमेरा होणार. येणारा-जाणारा विचारणार, आणि मुलगा मीठमसाला लावून सांगणार. त्या मुलीने तो रोज टेबलावर पाहायचा आणि मराठीतला एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. अशा कॅमेऱ्याने मी कुठल्या पक्ष्याचा डोळा शोधणार होते?

तेवढ्यात सुनेला तिच्या आईचा निरोप आला, दोन दिवस येऊन जा म्हणून. मी म्हटलं, मीही येते. बरुआसागरचा तलाव मी बसच्या खिडकीतूनच पाहिलेला. जुना कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दोघी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला किल्ल्याच्या खालच्या बाजूला घेऊन गेली. लहानपणी ती तिथेच खेळायची. पाण्यात एक जुना खांब उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "किलकिला यहीं बैठता है. उड़ेगा, फिर यहीं आएगा." किलकिला म्हणजे आमचा खंड्या. खरंच थोड्या वेळाने आला. पण काठाला चिखल, आणि माझे गुडघे आता चिखलात खाली बसू देत नाहीत. मी कॅमेरा तिच्या गळ्यात घातला. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "यात आता पुसण्यासारखं काही नाही, घाबरतेस कशाला?" तेव्हा कुठे खाली बसली.

आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. बटण अर्धं दाब, थांब, मग पूर्ण दाब. श्वास रोख. कोपर गुडघ्यावर टेकव. उजेड कुठून येतोय बघ. मी तिच्या मागे उभी राहून कुजबुजत होते, एकदा वाकून तिची कोपरंही नीट करायला गेले. तिचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. तशीच, न वळता, हळू आवाजात ती म्हणाली,

"आई, गप्प बस ना. हलू नकोस."

मी गप्प बसले. खंड्याने सूर मारला, वर आला, खांबावर बसला आणि तिने बटण दाबलं. फोटोत थोडा रवा होता, पंख जरा हललेले होते, पण चोचीतला मासा स्पष्ट होता. तिने तो मला दाखवला आणि "आला, आई, मासा पण आला" असं काहीतरी भराभर बोलत राहिली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. माझा मुलगा दिवसभर माझ्याशी असंच बोलतो, तिथूनच तिने ते उचललं असणार. मी त्या चिखलाच्या काठावर उभी होते आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये तिने कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही. खिडकीतून जे दिसेल ते टिपत होती, बहुतेक सगळं हललेलं. तेव्हाच माझा निर्णय झाला.

घरी पोचल्यावर मुलाने विचारलं, "मग, नवा घ्यायचा ठरला का?"

"ठरला," मी म्हटलं. "पण जुना दुकानात द्यायचा नाही. आम्ही दोघी जाणार, एकाच कॅमेऱ्यात कसं भागेल?"

तो काही म्हणणार तेवढ्यात सून कप घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "आई, चहा घे."

मुलाने लगेच मान वर केली. "अगं, सासूला 'घ्या' म्हणतात, 'घे'..."

"तू तुझा चहा पी," मी त्याला म्हटलं, आणि माझा कप उचलला.