पाहुणीच्या कळ्या

बाइंडरकाकांच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. शिवलेल्या पुस्तकाला खळ लावली की ते दिवसभर वजनाखाली राहिलंच पाहिजे, मग गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटो. "कच्चं काम माझ्या हातून जायचं नाही," एवढं बोलून ते पुन्हा सुईदोऱ्यात डोकं घालत.

काकूंच्या शाळेतल्या मैत्रिणीने बियांची एक पुडी पाठवली होती. रोपाचं नाव एवढं लांबलचक की काकूंनी त्याला 'पाहुणी' म्हणायला सुरुवात केली. थंडीत ती मातीखाली गडप व्हायची आणि ऊन वाढलं की त्याच मुळातून पुन्हा वर यायची. फुलं पांढरी येतात, असं पुडीवर छापलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: पहिली दोन वर्षं कळ्या खुडाव्यात, म्हणजे मूळ घट्ट होतं.

पहिल्या वर्षी काकांनी खुडल्या. दुसऱ्या वर्षी कळ्या धरल्या तेव्हा काकू आजारी होत्या, पलंग खिडकीशी ओढलेला होता. काका कात्री घेऊन वाफ्याशी बसले.

"अहो, एक तरी ठेवा की!"

"जन्मभर बाइंडरची बायको आणि अजून घाई? पुढच्या वर्षी वाफा कसा भरून येतो बघ."

"देव जरी न्यायला आला ना, तरी खळ वाळेपर्यंत तुम्ही त्याला बाकावर बसवून ठेवाल," काकू हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, त्या खुडलेल्या तरी इकडे द्या."

सात कळ्या. काकूंनी त्या औषधाच्या पेल्यात पाणी घालून ठेवल्या आणि चार दिवस पेला उन्हाकडे फिरवत राहिल्या. एकही उमलली नाही. काकांना वाटलं, आजारी माणसाला काहीतरी चाळा हवा असतो.

थंडी सरायच्या आत काकू गेल्या.

कपाट आवरताना मुलगी बोलून गेली, "बाबा, डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं. कळ्या यायच्याही आधी. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली होती."

काका हातातल्या शालीची घडी मोडून पुन्हा घालत राहिले.

तिसऱ्या वर्षी वाफा भरून आला, अगदी त्यांनी म्हटलं होतं तसाच. जाणारे-येणारे कुंपणाशी थांबत. काका पलंगाच्या कडेवर बसून खिडकीतून बघत. एकदा त्यांनी औषधाचा पेला धुऊन पुसून परत तिथेच ठेवला. त्यात फूल मात्र ठेवलं नाही.

समोरच्या शिवणवाल्या बाई रोप मागायला आल्या. काकांनी मुळाचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून दोऱ्याने नीट बांधून दिला.

"कळ्या किती वर्षं खुडायच्या हो?"

"एकही नाही."

"पण मूळ कच्चं राहील ना? तुम्हीच तर सांगायचात."

"राहू दे," काका म्हणाले. बाई फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा काकांनी मागून हाक मारली, "राहू दे हो कच्चं."